आधी तांदूळ, मग रस्ता, मग बोलणी: वांशिक हिंसेनंतर चर्च नेमकं काय करतं?

मणिपूरची बातमी आली की बहुतेक मराठी वाचकांचा गोंधळ उडतो. कोण कुणाशी भांडतंय, त्यात जमीन किती आणि धर्म किती, हे कळत नाही. मधेच एखाद्या बिशपांनी शांततेचं आवाहन केल्याची ओळ येते आणि तिचं काय करायचं तेही उमगत नाही. खरं तर आवाहन हा त्या कामाचा सर्वांत छोटा भाग. घरं जळाल्यानंतर पाळक, फादर, सिस्टर आणि मंडळीतली साधी माणसं वर्षानुवर्षं जे करतात, ते पाण्याच्या टाक्या, तांदळाची पोती, शवागारं, रस्ते आणि जमिनीचे कागद यांच्याभोवती फिरतं. समेट झालाच तर याच कामातून होतो. आणि या कामाला एक क्रम आहे. तो उलटा केला की व्यासपीठावर मिळवलेले हात दुसऱ्या दिवशी सुटतात.

## आधी भांडण समजून घेऊ

मणिपूरचा नकाशा म्हणजे परात: मधे सपाट खोरं, भोवती उंच कडा. इम्फाळचं खोरं राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश, पण निम्म्याहून जास्त माणसं तिथे राहतात आणि त्यांत मैतेई बहुसंख्य. उरलेले नऊ दशांश डोंगर, तिथे नागा आणि कुकी-झो जमाती. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे २८.५ लाख होती. हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही ४१ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ बरोबरीत. मैतेईंमध्ये वैष्णव हिंदू जास्त, काही जुना सनामही धर्म पाळणारे, थोडे ख्रिस्तीही. खोऱ्यात पांगल म्हणजे मणिपुरी मुसलमानही आहेत. नागा आणि कुकी-झो बहुतांशी ख्रिस्ती.

डोंगरातली जमीन अनुसूचित जमातीबाहेरच्या माणसाला विकत घेता येत नाही. खोऱ्यात मात्र डोंगरातला माणूस घेऊ शकतो. मैतेईंना ही कोंडी वाटते, म्हणून अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी. डोंगरातल्यांना वाटतं की तो दर्जा दिला तर उरलीसुरली जमीनही जाईल. त्यातच वनजमिनीवरून गावं हटवणं, अफूच्या शेतीवरची कारवाई आणि २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेली माणसं, यांमुळे वातावरण तापलेलं होतं. मार्च २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या मागणीचा विचार करण्याचा निर्देश दिला (फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानेच तो परिच्छेद वगळला). त्याविरुद्ध ३ मे २०२३ रोजी डोंगरी जिल्ह्यांत मोर्चे निघाले आणि डोंगरातला चुराचांदपूर आणि खोऱ्यातला बिष्णुपूर या जिल्ह्यांच्या सीमेवर आग पेटली. काही दिवसांत खोऱ्यातले कुकी डोंगरात आणि डोंगरातले मैतेई खोऱ्यात गेले. अडीचशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ६० हजार बेघर झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी दिलेल्या हिशोबात ४,७८६ जळालेली घरं आणि नासधूस झालेली २५४ चर्च व १३२ मंदिरं होती.

आकडे पाहून हे धर्मयुद्ध वाटतं. पण थोडं थांबा. त्या वेळचे इम्फाळचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी कळवलं होतं की पहिल्या ३६ तासांत मैतेई ख्रिस्ती लोकांचीच २४९ चर्च उद्ध्वस्त झाली. दुसरीकडे नागांची चर्च बहुतेक ठिकाणी सुरक्षित राहिली. म्हणजे धर्माचा द्वेष होताच, पण नुसता धर्म पाहून वार झाला असता तर नागांची चर्चही वाचली नसती; जमातही पाहिली गेली. मैतेई ख्रिस्ती माणसाची अवस्था सर्वांत वाईट: आपल्या जमातीला तो धर्मामुळे परका, आणि आपल्या धर्मातल्यांना जमातीमुळे.

## विस्थापित म्हणजे निर्वासित नव्हे

सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेलेला तो निर्वासित. आपल्याच देशात घर सोडावं लागलेला तो आंतरिक विस्थापित. फरक शब्दांचा वाटतो, पण पोटाशी भिडतो. निर्वासितांसाठी १९५१चा आंतरराष्ट्रीय करार तरी आहे (भारताने तो स्वीकारलेला नाही). विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत आणि भारतात त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही.

आपल्याकडे धरणग्रस्त माहीत आहेत. धरणग्रस्ताचं गाव पाण्याखाली जातं, ते परत मिळणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि निदान कागदावर त्याला मोबदल्याचा हक्क असतो. हिंसेने उठलेल्या माणसाचं गाव तिथेच असतं. कधी कधी छावणीतून डोंगराच्या उतारावर दिसतंही. जाता येत नाही, इतकंच. ‘पुढच्या महिन्यात परत जाऊ’ या आशेवर तो ना नवीन घर बांधतो, ना मुलाला नव्या शाळेत घालतो.

## ‘चर्च’ ही एक संस्था नाही

शांततेच्या बातम्यांत ‘चर्चने पुढाकार घेतला’ असं लिहितात तेव्हा डोळ्यांसमोर एक साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसं येतात. मणिपूरच्या डोंगरात तसं नाही. तिथे बाप्तिस्त मंडळ्या सर्वांत जास्त. विल्यम पेटिग्र्यू हे मिशनरी १८९६ मध्ये उख्रुलला गेले तेव्हापासूनची ती परंपरा. बाप्तिस्त रचना समजायला आपली सहकारी पतव्यवस्था आठवा: गावची सोसायटी, वर जिल्हा बँक, त्यावर शिखर बँक. तशीच इथे गावची मंडळी, तिच्यावर संघ, त्यावर महासंघ. फरक एवढाच की इथे वरच्याला खालच्यावर हुकूम चालवता येत नाही. गावची मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, त्याचा पगार स्वतः देते. त्यामुळे वरून कुणी समेटाचं पत्रक काढलं तरी गावातला पाळक ते वाचून दाखवेलच असं नाही. ज्यांच्या मुलांना गोळ्या लागल्या, त्यांच्याच दानावर त्याची चूल पेटते.

कॅथोलिक व्यवस्था वेगळी. तिथे बिशप फादरांची बदली करू शकतात, शाळा एका दिवसात छावणी म्हणून उघडू शकतात, पैशाचा हिशोब एका ठिकाणी ठेवता येतो. इम्फाळचा महाधर्मप्रांत सगळ्या राज्यावर पसरलेला असल्याने त्याच्या मंडळीत एकाहून जास्त जमाती आहेत. संख्येने लहान असूनही मध्यस्थीत कॅथोलिकांचं नाव वारंवार येतं, त्याचं मला दिसणारं मुख्य कारण हेच.

आणि एक कडू गोष्ट आधीच सांगून टाकू. एकच बायबल वाचणारे एकमेकांना मारत नाहीत, असं नाही. १९९०च्या दशकात याच डोंगरात कुकी आणि नागा लढले. १९९७-९८ मध्ये चुराचांदपूर भागात कुकी आणि पाइते लढले. सगळ्याच बाजू बहुतांशी ख्रिस्ती. मंडळ्या बोलीभाषेनुसार वेगवेगळ्या असल्याने रविवारची प्रार्थनाही आपापल्याच लोकांत होते. रवांडात १९९४ मध्ये तर न्यामाता आणि न्तारामा इथल्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्यांचीच कत्तल झाली. कॅथोलिक चर्चच्या अपयशाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये क्षमा मागितली. तेव्हा गळ्यातला क्रूस पाहून भरवसा ठेवायचा नाही. काम पाहायचं.

## सभागृहातला हिशोब

जळत्या गावातून माणसं पळतात ती जिथे पक्कं छप्पर आणि ओळखीची माणसं आहेत तिथे. डोंगरात अशी जागा म्हणजे चर्चचं सभागृह किंवा मिशनची शाळा. पहिल्या रात्री भात शिजवणं अवघड नसतं, गाव करतं. प्रश्न विसाव्या दिवशी सुरू होतो.

जगभरातल्या मदत संस्था काही किमान मापं पाळतात. माणशी रोज १५ लिटर पाणी. झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. २० माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे, आतून कडी आणि बाहेर दिवा असलेले. २५० माणसांमागे निदान एक नळ. रोज २,१०० उष्मांक. शोषखड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब.

आता ४०० माणसांची छावणी धरा. रोज ६,००० लिटर पाणी म्हणजे १० हजार लिटरचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. संडास २०. जागा १,४०० चौरस मीटर. २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद सभागृह म्हणजे २०० चौरस मीटर, मापाप्रमाणे त्यात ५७ माणसं बसतात. प्रत्यक्षात दोनशे झोपतात. खोकला, खरूज आणि गोवर तिथूनच पसरतात. म्हणून सहा महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांना गोवराची लस देणं हे पहिल्या आठवड्याचं काम, पुस्तकं-खेळणी नंतर.

शिध्याचं गणित असं: माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम आयोडीनचं मीठ. चारशे माणसांना दिवसाला १६० किलो तांदूळ, २४ किलो डाळ, १० किलो तेल. महिन्याला नुसत्या तांदळाची ५० किलोची ९६ पोती. आणि एवढं देऊनही उष्मांक होतात साधारण १,८००. उरलेले भाजी, अंडी, मासळी यांतून यावे लागतात आणि नेमकं तेच कुणी पाठवत नाही. तान्ही मुलं आणि गरोदर बायका याच फटीत कुपोषित होतात.

ही ९६ पोती येतात कुठून? शेजारच्या मिझोराममध्ये एक सुंदर रीत शंभराहून जास्त वर्षं चालू आहे: बुहफाई थाम. घरातली बाई प्रत्येक वेळी भात लावताना एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते आणि साठलेला तांदूळ मंडळीत जमा होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठीचा मुष्टिफंड ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. २०२३च्या हिंसेनंतर सुमारे १२ हजार माणसं मिझोराममध्ये गेली. म्यानमारमधून आलेले हजारो लोक तिथे आधीच होते. सरकारी पैसा वेळेवर न आल्याच्या काळात यंग मिझो असोसिएशन ही तिथली सामाजिक संघटना आणि मंडळ्यांनी चुली पेटत्या ठेवल्या, त्यामागे अशी जुनी सवय होती.

छावणीत चुका होतात त्याही ठरलेल्या. जुन्या कपड्यांचे ढीग येतात, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, मच्छरदाण्या आणि पातेली येत नाहीत. शिधा पुरुषाच्या नावाने वाटला जातो, मग विधवा आणि एकट्या बाईचं कुटुंब यादीतून गळतं. एकाच कुटुंबाची दोन छावण्यांत नोंद होते. छावणीची समिती गावच्या जुन्या मानकऱ्यांची बनते, तिच्यात तक्रार कुणाकडे करायची हेच ठरत नाही. यावर उपाय साधे आहेत: कुटुंबाला क्रमांकाचं कार्ड, बाईच्या नावाने नोंद, समितीत निम्म्या बायका, वाटपाचा तक्ता भिंतीवर आणि तक्रारीचा फोन छावणीबाहेरच्या माणसाकडे.

कागदपत्रांचं काम तितकंच महत्त्वाचं. आधार, रेशनकार्ड, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक, सगळं घराबरोबर जळतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये नेमलेल्या तीन निवृत्त महिला न्यायाधीशांच्या समितीने सुरुवातीच्या अहवालांतच हा प्रश्न उचलला. न्या. गीता मित्तल अध्यक्ष, न्या. आशा मेनन आणि मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्या. शालिनी फणसळकर-जोशी सदस्य. अशा वेळी चर्चच्या नोंदवह्या कामी येतात. जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी मंडळीत असतात, आणि गावची वही जळाली असली तरी वरच्या कार्यालयात गेलेल्या माहितीवरून कुटुंब कुठलं हे सांगता येतं.

## मेलेल्यांना माती मिळेपर्यंत

समेटाच्या चर्चेत हा टप्पा बहुतेक लेखांतून निसटतो. इम्फाळमध्ये मारल्या गेलेल्या कुकी लोकांचे मृतदेह तिथल्याच रुग्णालयांच्या शवागारांत सात महिने पडून होते. नातेवाइकांना खोऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस आदेश दिला, डिसेंबरमध्ये ६० मृतदेह हेलिकॉप्टरने डोंगरात आणि चार मैतेईंचे मृतदेह चुराचांदपूरहून खोऱ्यात गेले. २० डिसेंबरला चुराचांदपूरला ८७ जणांचं एकत्र दफन झालं.

सात महिने ज्या घरात माती दिली गेली नाही, त्या घराला ‘झालं गेलं विसरा’ म्हणणं ही क्रूरता आहे. पाळकाचं काम इथे ओळख पटवणं, कागदावर सही करायला हात थरथरणाऱ्या बापाजवळ बसणं आणि दफन नारेबाजीत वाहून जाणार नाही याची काळजी घेणं. प्रेतयात्रेतून नवी दंगल उसळल्याची उदाहरणं जगभर आहेत. म्हणून वेळ, रस्ता, वक्ते आणि भाषणाची मर्यादा आदल्या दिवशी ठरवावी लागते.

## बोलणी कशी होतात

‘समेट’ म्हणजे काय ते एकदा स्पष्ट करू. युद्धबंदी म्हणजे गोळीबार थांबवणं. तडजोड म्हणजे देणंघेणं ठरवणं. समेट म्हणजे पुन्हा शेजारी राहता येईल इतका विश्वास. तिन्ही एकापाठोपाठ येतात आणि तिसऱ्याला वर्षं लागतात. गावच्या तंटामुक्ती समितीत बांधाचा वाद मिटवताना दोन्ही भावांना एकदम समोरासमोर बसवत नाहीत. आधी एकेकट्याचं ऐकतात. इथेही तेच, फक्त बांधाच्या जागी जिल्ह्याची सीमा आणि काठीच्या जागी बंदूक.

पहिली पायरी: मध्यस्थ दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटतात आणि फक्त ऐकतात. या भेटी गुपचूप होतात, कारण शत्रूशी बोलतो असं कळलं तर बोलणाऱ्याच्या घरावर जमाव येतो. दुसरी पायरी: एक छोटी, मोजता येणारी गोष्ट ठरवायची. अमुक रस्त्यावरून रुग्णवाहिका जाऊ द्यायची, तमुक आठवड्यात दोन्ही बाजूंनी भात कापणीवर गोळीबार करायचा नाही, अफवा आली की आधी या क्रमांकावर विचारायचं. तिसरी: ती पाळली का हे तपासायचं आणि मोडली तर चोवीस तासांत दोघांना सांगायचं. मग चौथी, एकत्र बैठक, तीही तिसऱ्याच गावात. माफीचे शब्द सगळ्यांत शेवटी.

मध्यस्थ कोण चालतो? दोन्ही बाजूंची माणसं ज्याच्याकडे जाऊ शकतात तो. कुकी पाळक कितीही भला असला तरी मैतेई वस्तीत त्याचं कोण ऐकणार, आणि मैतेई पंडिताचं डोंगरात? त्यामुळे नागा आणि मिझो धर्मनेते, कॅथोलिक फादर, मैतेईंच्या मेईरा पाइबी या महिला संघटनेतल्या जाणत्या बायका आणि पांगल यांची मोट बांधावी लागते. सुरक्षा दलांनी खोरं आणि डोंगर यांच्यामध्ये पहारा ठेवलेला पट्टा तयार झाल्यावर दोन्हीकडे गाडी नेऊ शकणारे चालक मुख्यतः पांगल होते. जेवढी औषधं आणि निरोप त्या चालकांनी नेले, तेवढे कुठल्या शिष्टमंडळाने नेले नसतील असं मला वाटतं.

## मोडतं कुठे? जिरीबामचा धडा

१ ऑगस्ट २०२४ रोजी आसाममधल्या कछार जिल्ह्यात, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जागेत, शेजारच्या मणिपुरी जिरीबाम जिल्ह्यातल्या मैतेई आणि हमार (कुकी-झो गटातली एक जमात) प्रतिनिधींनी करार केला: जाळपोळ आणि गोळीबार थांबवायचा, सुरक्षा दलांना सहकार्य करायचं. देशभर बातमी झाली. दुसऱ्याच रात्री जिरीबाममध्ये एक घर जाळलं गेलं, गोळ्याही झाडल्या गेल्या. हमारांच्या सर्वोच्च संघटनेने आपल्याला विश्वासात घेतलं नाही म्हणत करार नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिरीबाममध्ये दोन्ही बाजूंची माणसं मारली गेली, त्यात पळवून नेलेल्या मैतेई बायका आणि लहान मुलं होती.

करारातला मजकूर चुकीचा नव्हता. सही करणाऱ्यांना त्यांच्याच लोकांनी अधिकार दिलेला नव्हता, आणि मोडल्यास काय हे ठरलं नव्हतं. दुसरं उदाहरण ८ मार्च २०२५चं. सर्व रस्त्यांवर मुक्त वाहतूक सुरू करायचा हुकूम निघाला, कांगपोक्पी जिल्ह्यात बस अडवली गेली, चकमकीत एक जण मेला. रस्ता आदेशाने उघडता येतो, पण त्यावरून जायची हिंमत आधी झालेल्या बोलण्यांतून येते. तिथे ती बोलणी पुरेशी झालेली नव्हती.

## पूर्वी हे जमलं होतं का?

अर्धवट जमलं होतं, आणि ते अर्धवटपण उपयोगी आहे. १९६४ मध्ये नागा बंडखोर आणि भारत सरकार यांच्यात लढाई चालू असताना नागालँडमधल्या वोखा इथल्या बाप्तिस्त अधिवेशनाने शांतता मिशनचा ठराव केला. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा आणि इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट यांनी ते चालवलं. ज्यांना बोलावलं होतं त्यांत आपले शंकरराव देवही होते, पण ते प्रत्यक्ष सामील होऊ शकले नाहीत. ख्रिस्ती मंडळींनी एक सर्वोदयी नेता आणि एक काँग्रेसचा मुख्यमंत्री निवडावा, यात मोठं शहाणपण होतं: दिल्लीने ज्यांचं ऐकावं अशी माणसं त्यांनी घेतली. ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धबंदी लागू झाली. १९६६ मध्ये मिशन संपलं, स्कॉट यांना देशाबाहेर जावं लागलं. कायमचा तोडगा निघाला नाही. पण गावांना श्वास घ्यायला अवधी मिळाला.

१९९६ मध्ये आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि संथाळ आदिवासींमध्ये हिंसा होऊन सुमारे अडीच लाख माणसं छावण्यांत गेली. गुवाहाटीचे आर्चबिशप थॉमस मेनमपरम्पिल यांनी वेगवेगळ्या पंथांच्या चर्चना आधी एकत्र मदतीला उतरवलं. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत तेच हात तांदूळ आणि औषध देत होते. मग त्याच ओळखीवर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना वेगवेगळं आणि नंतर एकत्र बसवलं. क्रम लक्षात घ्या. तरीही १९९८ मध्ये तिथे पुन्हा भडका उडाला आणि अनेक कुटुंबं दशकाहून जास्त काळ छावणीत राहिली. वनजमिनीवर राहणाऱ्यांना सरकार परत जाऊ देईना, कारण कागदावर ते अतिक्रमण. मनं जुळली तरी सातबारा जुळला नाही तर माणूस छावणीतच राहतो.

मणिपूरमध्ये तोच खड्डा पुढे आहे. कुकी गावांत जमीन परंपरेने गावच्या मुखियाच्या नावे असते. जळालेल्या घराच्या मालकाकडे स्वतःच्या नावाचा उतारा कधीच नव्हता. भरपाई मागायला तो काय दाखवणार? मंडळीची नोंदवही, मुखियाचं पत्र आणि शेजाऱ्यांच्या साक्षी यांची फाईल छावणीतच, आठवणी ताज्या असताना बनवली नाही तर पुढे बनत नाही.

## काही रास्त शंका

मदतीच्या नावाखाली धर्मांतर होत नाही कशावरून? ही शंका विचारायलाच हवी. डोंगरी छावण्यांत बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न कमी येतो. खरी परीक्षा मैतेई छावणीत मदत देताना. रेड क्रॉस आणि मदत संस्थांची १९९४ची आचारसंहिता सांगते की मदत फक्त गरज पाहून द्यावी, धर्म किंवा राजकारण पुढे नेण्यासाठी वापरू नये. तपासायच्या गोष्टी सोप्या आहेत: शिध्याआधी प्रार्थना सक्तीची आहे का, यादी कोणत्या निकषावर केली, तक्रार कुठे करायची. ज्या गटाला याची उत्तरं देता येत नाहीत त्याच्यापासून लांब राहावं, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

न्याय न होता समेट कसा? नाही होत. माफी देणं हे पीडिताच्या हातात असतं, शिक्षा देणं न्यायालयाच्या. पाळकाने पीडितेला तक्रार मागे घ्यायला सांगणं हा गुन्ह्याला हातभार आहे आणि असे दबाव प्रत्येक संघर्षात येतात. मणिपूरच्या तपासावर देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमलं, ४२ विशेष तपास पथकं झाली, केंद्रीय अन्वेषण विभागाचे खटले आसाममध्ये नेले गेले. चर्चने इथे करायचं ते साक्षीदाराला सुरक्षित ठिकाणी ठेवणं, दुभाषा देणं, तारखेला घेऊन जाणं.

सरकारचं काम चर्चने का करावं? करू नयेच. पोलीस शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार शस्त्रं लुटली गेली. ती परत मिळवणं, रस्ता सुरक्षित करणं, घरं बांधून देणं हे सरकारलाच जमतं. गावात पहारा देणाऱ्या पोराला बंदूक खाली ठेव म्हणायचं तर उद्या त्याच्या आईला कोण राखेल, याचं उत्तर पाळकाकडे नसतं.

## महाराष्ट्रातून आणि परदेशातून मदत पाठवायची असेल तर

परदेशी पैशाचा कायदा २०२०च्या दुरुस्तीनंतर कडक झाला. नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते, व्यवस्थापनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेवटच्या अटीचा फटका मोठा आहे: मोठ्या संस्थेकडे पैसा येतो, पण छावणीशेजारच्या लहान मंडळीला तो देता येत नाही, संस्थेने स्वतःच वस्तू घेऊन पोचवाव्या लागतात. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी. लंडन किंवा न्यू जर्सीच्या मराठी मंडळाने सामायिक वर्गणी पाठवण्याआधी हे बघायला हवं, नाहीतर अडचणीत येते ती घेणारी संस्था. भारतातून देताना करसवलत हवी असेल तर दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका.

वस्तू पाठवायच्या असतील तर कपडे नकोत. त्या छावणीला या महिन्यात काय कमी आहे ते विचारून तेवढंच घ्या, शक्यतो तिथल्याच बाजारातून. आणि पत्ता घेताना गोदाम खोरं आणि डोंगर यांच्यामधल्या पहाऱ्याच्या पट्ट्याच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारा. चुराचांदपूरच्या छावणीचा माल इम्फाळ विमानतळावर उतरवला तर पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर न्यायला माणूस मिळणं कठीण; तोच माल मिझोरामच्या ऐजॉलला उतरवला तर दिवसभराच्या डोंगरी रस्त्याने का होईना, पोचतो.